दक्षिण फ्रान्समध्ये ग्रुपने सायकल आणि कालव्यातली बोट अशी सुट्टी नवख्यांना झेपेल का?

निम्म्यांना सायकलची सवय नाही म्हणताय, तरी बिनधास्त जा. मुक्काम बोटीवरच असतो. ज्याचे पाय बोलायला लागतील त्याने डेकवर पाय पसरून यायचं. भाड्याची बोट चालवायला तिथे लायसन्स लागत नाही.

माझं मत, एग-मॉर्त ते सेत हा पट्टा घ्या. कालवा खाऱ्या सरोवरांमधून जातो, बाजूला फ्लेमिंगो, एग-मॉर्तला गुलाबी मिठागरं. चढ नावालाही नाही.

खरी परीक्षा वाऱ्याची! मिस्त्राल, म्हणजे तिथला उत्तरेकडचा जोरदार वारा, समोरून आला की सपाट रस्ताही घाट वाटतो. वारा जोराचा असेल तर सेतजवळच्या थो सरोवरात भाड्याच्या बोटी सोडत नाहीत, म्हणून एखादा दिवस हातचा राखा. आणि ओडोमॉस विसरू नका, कामार्गचे, म्हणजे तिथल्या दलदलीच्या भागातले, डास पाहुण्यांना ओळखतात.