निळा किती, पांढरा किती?

प्रश्न (पुणे): दोन फूट लांब, दीड फूट खोल रीफ टँक (कोरल म्हणजे प्रवाळ ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक) आहे. त्यात मशरूम, झोअँथिड आणि एक टोडस्टूल लेदर, सगळी सॉफ्ट कोरल. जुन्या ट्यूब काढून १६५ वॅटचा, दोन नॉबचा एलईडी डबा पाण्यापासून सहा इंचांवर लावला. निळ्या उजेडाचा नॉब ८० वर, पांढऱ्याचा ६० वर. आठवड्यात मशरूम आक्रसली, पांढुरकी पडली. लाइट खराब आहे का?

उत्तर: लाइट ठीक आहे, तुम्ही तो लावलाय भलताच जोरात. कोरलच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि कोरलचं बरंचसं पोट त्याच्यावर चालतं. उजेड झेपेनासा झाला की हेच शैवाल घातक ऑक्सिजन तयार करू लागतं, मग कोरल त्यालाच बाहेर काढतं. रंग जातो तो असा, तीन-चार दिवसांत. परत भरायला मात्र आठवडे लागतात.

नॉबला हात लावण्याआधी झोअँथिडची एक वसाहत जवळून बघा. वरची, थेट उजेडातली तोंडं फिकट आणि दगडाच्या आडोशाची गडद असतील, तर दोष उजेडाचा. सगळीच सारखी फिकट असतील तर नायट्रेट-फॉस्फेट तपासा. दोन्ही शून्यावर असले की कोरल उपाशी राहून पांढरी पडतात आणि बिचाऱ्या लाइटवर आळ येतो.

उजेडच दोषी असेल तर डबा पाण्यापासून १२ इंचांवर टांगा. त्याने जोर कमी होतो आणि उजेड पसरतोही. निळा ३०, पांढरा ५ ते १० करा. निळा रोज आठ तास, पांढरा मधले चारच तास. मशरूम उचलून वाळूवर, दगडाच्या सावलीत ठेवा. मग दोन आठवडे काही करू नका. हेच सगळ्यांना जड जातं.

त्यानंतर निळा आठवड्याला ५ ने वाढवा. वाढवल्यावर तिसऱ्या दिवशीही झोअँथिड दिवसभर मिटलेली दिसली तर आधीच्या आकड्यावर परत या. निळा ५०-५५ला पोचला की थांबा. याउलट झोअँथिडचे देठ लांबून माना वर काढू लागले, तर उजेड कमी पडतोय. पांढरा मुख्यतः आपल्या डोळ्यांसाठी असतो, तो १५ च्या वर न्यायची गरज नाही. आणि पहिली सेटिंग एकदा लावून झाली की पुढे एका वेळी एकच गोष्ट बदला: उंची, नॉब किंवा तास. तिन्ही एकदम हलवली की कशाने काय झालं ते कळत नाही.

प्रश्न (ठाणे): पार मीटर (कोरलच्या कामाचा उजेड, म्हणजे पार, मोजणारा) महाग आहे. मोबाइलमधलं लक्स मोजायचं ॲप चालेल का?

उत्तर: कोरलला किती उजेड मिळतो ते त्याने कळणार नाही. लक्स हे माप माणसाच्या डोळ्याचं. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या उजेडाला त्यात हिरव्याच्या जेमतेम चार टक्के वजन मिळतं, आणि तुमच्या टँकमध्ये तर मुख्यतः तोच निळा. पांढरा नॉब जरा फिरवला की ॲपचा आकडा उडी मारतो, कोरलला फारसा फरक पडलेला नसतो.

ॲपचा एकच उपयोग: तोच लाइट, तीच सेटिंग, काचेच्या कडेवरची तीच जागा, महिन्यातून एकदा नोंद. आकडा घसरला तर आधी लेन्सवर साचलेलं मीठ पुसा, आरओच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने, लाइट बंद करून.

खरा आकडा हवा असेल तर पाण्याखाली चालणारा मीटर कुणाकडून तरी एका दिवसासाठी मागून आणा. वेव्ह पंप बंद करून वर, मध्ये आणि तळाशी, प्रत्येक पातळीवर तीन ठिकाणी मोजा. पंप चालू असेल तर लाटांमुळे आकडा नाचत राहतो. मशरूमला ३० ते ८०, झोअँथिड आणि लेदरला ८० ते १५० पार पुरे. नॉबच्या कोणत्या आकड्याला किती पार, ते कागदावर लिहून स्टँडच्या दाराला आतून चिकटवा. नॉबवरचा ५० म्हणजे निम्मा उजेड असेलच असं नाही.

प्रश्न (न्यू जर्सी): माझी ॲक्रोपोरा (कठीण सांगाड्याचं कोरल) तपकिरी झाली आहे. तिच्या जागी पार १५०, नायट्रेट ४०, फॉस्फेट ०.३. लाइट वाढवू का?

उत्तर: वाढवा, पण नंतर. तपकिरी रंग म्हणजे पेशींत शैवालाची गर्दी. उजेड कमी असला तरी ती होते, खत, म्हणजे नायट्रेट-फॉस्फेट, जास्त झालं तरी होते. तुमच्याकडे दोन्ही आहे. आधी नायट्रेट १० च्या आसपास आणि फॉस्फेट ०.१ च्या खाली आणा, तेही दीड-दोन महिन्यांत. फॉस्फेट एका आठवड्यात खेचलंत तर ॲक्रोपोराची कातडी सुटू लागते. मग पार १५० वरून २५० वर सहा ते आठ आठवड्यांत न्या.

दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. उजेड वाढला की सांगाडा वेगाने बनतो आणि अल्कॅलिनिटी (पाण्यातले कार्बोनेट) जास्त खर्च होते. त्या काळात केएच (अल्कॅलिनिटीचं माप) दर दोन दिवसांनी तपासा, डोस त्याप्रमाणे वाढवा. दुसरी गोष्ट फिल्टरमधल्या, पाणी स्वच्छ करणाऱ्या कार्बनची. बरेच महिने न बदललेला कार्बन बदलला की पाण्याचा पिवळेपणा एका रात्रीत जातो आणि नॉबला हात न लावताही कोरलवर जास्त उजेड पडतो. कार्बन बदलाल त्या दिवशी लाइट दहा टक्के खाली आणा, मग दोन आठवड्यांत पूर्ववत करा.

प्रश्न (नाशिक): वीज गेली तर लाइट इन्व्हर्टरवर घ्यावा का?

उत्तर: नको. कोरल एक दिवस अंधारात सहज काढतात. इन्व्हर्टरवर वेव्ह पंप घ्या, पाणी थांबलं की ऑक्सिजन संपतो. लाइटचा टायमर मात्र बघा. गोल चकतीचा टायमर वीज जाईल तितका वेळ मागे पडतो. रोज तासभर वीज जात असेल तर आठवड्याने लाइट सात तास उशिरा लागतो, म्हणजे मध्यरात्री टँक उजळलेला. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या.

प्रश्न (रत्नागिरी): किनाऱ्यावर सापडलेला वाळका प्रवाळ टँकमध्ये दगड म्हणून ठेवला तर?

उत्तर: ठेवू नका. कठीण सांगाड्याची सगळी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मेलेला तुकडा बाळगणंही गुन्हा ठरतो. त्याऐवजी सिरॅमिकचे सच्छिद्र दगड वापरा. नवे असताना ते पांढरेशुभ्र असतात आणि उजेड परतवतात. शेवाळाने रंग धरेपर्यंत लाइट कमीच ठेवा.