माश्यांचं प्रोटीन आणि जिममधला डबा

प्रश्न : फळांवरच्या माश्यांना प्रोटीन कमी दिलं तर त्या जास्त जगतात असं वाचलं. खरंय का? मी जिमला जातो, रोज व्हे प्रोटीन घेतो, बंद करू का? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : माश्यांपुरतं खरंय, पण अर्धंच. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी ती बारकी चिलटं, म्हणजे ड्रोसोफिला, लॅबमध्ये साधारण दोन-तीन महिने जगते, त्यामुळे म्हातारपणाचा अभ्यास करायला एकदम सोयीची. तिचं प्रोटीन येतं फळावरच्या यीस्टमधून आणि साखर फळातून. आधी सगळ्यांना वाटायचं की उपाशी ठेवलं, कॅलरी कमी केल्या की आयुष्य वाढतं, पण 2005 मध्ये लंडनच्या संशोधक लिंडा पार्ट्रिज यांच्या टीमने दाखवलं की तेवढ्याच कॅलरी साखरेतून कमी केल्या तर फारसा फरक पडत नाही, यीस्टमधून कमी केल्या तर बराच पडतो. मग 2008 मध्ये सिडनीच्या स्टीफन सिम्पसन यांच्या टीमने 28 प्रकारचं पातळ खाणं करून प्रत्येक माशी किती पिते तेही मोजलं (मला तर हे वाचूनच घाम फुटला). प्रोटीन 1 आणि कार्ब्स (म्हणजे इथे मुख्यतः साखर) 16 असं प्रमाण असताना माद्या सगळ्यात जास्त जगल्या, 1:2 ला अंडी घालायचा वेग सगळ्यात जास्त होता आणि आयुष्यभराची एकूण अंडी बघितली तर 1:4 ला जास्त. आणि गंमत म्हणजे माशीला स्वतः निवडू दिलं तर ती बरोब्बर 1:4 च्या आसपास खाते, म्हणजे जास्त जगायचं सोडून अंड्यांचा हिशेब बघते!

आता तुम्ही म्हणाल, अंडी घालण्यात ताकद जाते म्हणून लवकर मरत असेल. मलाही हे पटलं असतं, पण वांझ केलेल्या माद्यांचंही आयुष्य खाणं कमी केल्यावर वाढलंच. वर 2009 मध्ये असं दिसलं की कमी खाण्यात नुसतं मेथिओनिन हे एक अमिनो अॅसिड (प्रोटीन ज्यांच्यापासून बनतं त्यातला एक घटक) घातलं तर अंडी वाढतात आणि आयुष्य काही कमी होत नाही. म्हणजे प्रोटीन किती यापेक्षा त्यातली अमिनो अॅसिडं कुठल्या प्रमाणात आहेत हा मुद्दा जास्त मोठा दिसतोय.

तुमच्या व्हे प्रोटीनच्या डब्याबद्दल म्हणाल तर हे आकडे माणसाला लावू नका. पूर्ण वाढ झालेल्या माशीत आतडं वगैरे सोडलं तर नवीन पेशी फारशा बनतच नाहीत, तुम्ही तर स्नायू वाढवायला जाताय. म्हणून माशीकडे बघून डबा बंद करायची गरज नाही, किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्या.

प्रश्न : मग आमच्या आंब्याच्या बागेतली फळमाशी पण हीच का?

उत्तर : नाही हो, ती बॅक्ट्रोसेरा, आकाराने मोठी आणि चांगल्या फळाला डंख मारून आत अंडी घालणारी. पण प्रोटीनची ओढ तिलाही आहेच, अंडी तयार व्हायला मादीला प्रोटीन लागतं. बागेत लावता त्या मिथाइल युजेनॉलच्या सापळ्यात नरच येतात, माद्या हव्या असतील तर प्रोटीनचं आमिष वेगळं लावावं लागतं.