विजेवर गरम होणाऱ्या जॅकेटला निटेड, म्हणजे टी-शर्ट किंवा स्वेटरसारखं कापडच का वापरतात? साधं विणलेलं कापड चालत नाही का?

चालतं, पण अंगाबरोबर ताणल्या जाणाऱ्या कपड्यात निटेड जास्त टिकतं. साध्या कापडात धागे उभे-आडवे, जवळजवळ सरळ बसवलेले असतात. कोपर वाकवलं की ताण थेट धाग्यावर येतो आणि धातूचा धागा फारसा ताणला जात नाही. निटेडमध्ये धाग्याचे फास एकमेकांत अडकवलेले असतात. ओढलं की आधी फासाचा आकार बदलतो, धाग्यावर ताण उशिरा येतो. उष्णतेसाठी त्यात चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा किंवा स्टेनलेस स्टीलच्या तंतूंचा धागा घालतात. किती तापेल याचा हिशेब शाळेतलाच: व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. बॅटरी ७.४ व्होल्टची आणि रोध ५.५ ओहम, तर साधारण १० वॅट. मेख अशी की या धाग्यावर इन्सुलेशन नसतं, त्यामुळे त्याचे उघडे फास एकमेकांना टेकतात. कापड ताणलं की हे टेकणं बदलतं आणि रोधही बदलतो. म्हणून हा वीज वाहणारा धागा मोजक्याच ओळींत घालून मध्ये साध्या धाग्याच्या ओळी ठेवणं बरं. हे सगळं बॅटरीवरच्या कपड्यांपुरतं. घरच्या प्लगवर चालणाऱ्या ब्लँकेटला इन्सुलेशन असलेली वायरच हवी, वरचं कापड कुठलंही असो.