काट्यांची सरमिसळ नको

प्रिय मित्रा,
सप्रेम सलाम.

उपदेशाचा आराखडा वाचला. एदेनचा शाप (जमीन काटे उगवील, उत्पत्ती 3:18), येशूच्या डोक्यावरचा काट्यांचा मुकुट आणि प्रेषित पौलाच्या शरीरातला काटा तू एकाच माळेत ओवलेस. पहिल्या दोन ठिकाणी ग्रीक शब्द ‘अकांथा’च्या (काटा, काटेरी झाड) कुळातला आहे, पौलाचा मात्र ‘स्कोलोप्स’. नव्या करारात तो एकदाच येतो, 2 करिंथ 12:7 मध्ये.

अशा शब्दासाठी आधी जुन्या कराराचं प्राचीन ग्रीक भाषांतर उघडायचं, कोश नंतर. जुन्या ग्रीकमध्ये स्कोलोप्स म्हणजे अणकुचीदार खुंट, त्यामुळे काही जण इथे थेट सुळाचीच कल्पना करतात. पण गणना 33:55 मध्ये स्कोलोप्स डोळ्यांत सलतात. तिथे खुंट कसा बसेल? यहेज्केल 28:24 मध्ये स्कोलोप्स आणि अकांथा शेजारीशेजारी आहेत. म्हणजे ‘काटा’ हे भाषांतर योग्यच आहे. दोन्ही ठिकाणी सलणारी मात्र माणसं आहेत, इस्राएलाचे शत्रू. पौलाचा काटा म्हणजे त्याचे विरोधक, हे प्राचीन धर्मोपदेशक ख्रिसोस्तोमचं मत म्हणूनच हवेतलं नाही. तू ‘डोळ्यांचा आजार’ असं ठाम लिहिलंस, ते खोड. पौल आजाराचं नाव सांगत नाही, काटा काढावा म्हणून तीनदा विनंती केली एवढंच सांगतो.

मुकुटाचं वर्णन मत्तय, मार्क आणि योहान करतात, लूक नाही. ‘स्तेफानोस’ ही विजेत्याच्या किंवा मानाच्या डोक्यावरची माळ. जांभळ्या वस्त्रासोबत ती थट्टा होते. शापाशी जोड सुंदर आहे, पण ती एकाही शुभवर्तमानकाराने स्पष्ट केलेली नाही. ‘वाचकाला असं दिसतं’ म्हण, ‘मार्क म्हणतो’ म्हणू नकोस.

मत्तय 7:16 कडे तुझं लक्षच गेलं नाही! काट्यांवर फळं मिळतात का, असं विचारताना तिथे द्राक्षं अकांथावर आणि अंजिरं ‘त्रिबोलोस’ या काटेरी तणावर शोधली आहेत, लूक 6:44 मध्ये अंजिरं अकांथावर, द्राक्षं ‘बातोस’ या काटेरी झुडपावर. यशया 5:2 च्या ग्रीक पाठात द्राक्षमळा अकांथाच देतो, हेही जोडून वाच. (आपल्या सराट्याच्या शास्त्रीय नावात, ट्रिब्युलस टेरेस्ट्रिसमध्ये, त्रिबोलोसच दडलाय.)

शापाचा धागा हवाच असेल तर इब्री 6:8 घे. उत्पत्ती 3:18 चे अकांथा आणि त्रिबोलोस हे दोन्ही शब्द तिथे त्याच क्रमाने येतात आणि लगेच शापाचा उल्लेख आहे. पुढच्या भेटीआधी सातव्या वचनातलं ‘तिक्तो’ आणि आठव्यातलं ‘एकफेरो’ ही दोन क्रियापदं तपासून आण.

तुझा,
दादा