ट्रायलमधले जादा अभ्यास : सही करावी की नाही?

प्रश्न : दीड वर्षापूर्वी माझी गर्भपिशवी काढली. अस्तराचा कॅन्सर होता, पहिल्या टप्प्यातला. व्यायाम आणि आहाराने पुढच्या तब्येतीत काय फरक पडतो हे पाहणाऱ्या एका ट्रायलमध्ये मी नाव दिलं. माझी निवड ‘नेहमीच्या देखभाली’च्या गटात झाली, म्हणजे व्यायामाचं मार्गदर्शन मला नाही. आता त्यांनी आणखी चार फॉर्म दिले आहेत : रक्त साठवून ठेवायचं, ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा नमुना तपासायचा, आठवडाभर कमरेला यंत्र लावायचं आणि मुलाखत द्यायची. नाही म्हटलं तर ट्रायलमधून काढून टाकतील का? आणि मी व्यायामाच्या गटात नसताना माझ्या रक्ताचा त्यांना उपयोग तरी काय?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. संशोधन परिचारिका म्हणून काम करताना तुमच्या गटातल्या बायकांकडून हा प्रश्न मी सतत ऐकला आहे आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटलं आहे. त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं. व्यायामाच्या गटात वर्षभराने इन्शुलिन उतरलं, तर ते व्यायामाने उतरलं की ऑपरेशननंतर काळ गेला म्हणून आपोआपच उतरलं? हे ओळखायला दुसऱ्या गटातलं रक्त लागतं. तुमचं रक्त नसेल, तर त्यांच्या रक्तातल्या आकड्याला काही अर्थच राहत नाही.

आता सहीचं. अशा जादा अभ्यासांची संमती मूळ ट्रायलच्या संमतीपेक्षा वेगळी असते. चारही फॉर्मना नाही म्हणा, दोघांना हो म्हणा, तुमची ट्रायलमधली जागा आणि तुमचे उपचार जसेच्या तसे राहतात. फक्त एक गोष्ट समन्वयकाला विचारून घ्या : यातलं मूळ ट्रायलचा भाग काय आणि ऐच्छिक काय? कधी कधी यंत्र मूळ ट्रायलमध्येच धरलेलं असतं आणि रक्त साठवणं तेवढं ऐच्छिक असतं. फॉर्म घरी न्या. तिथल्या तिथे सही करायची घाई कुणी लावली, तर ती चूक त्यांची.

माझं मत विचाराल तर चारांत गाठीच्या नमुन्याला हो म्हणायला मी सगळ्यात आधी सांगेन. तुम्हाला नवी सुई नाही, नवा हेलपाटा नाही. ऑपरेशननंतर गाठीचे तुकडे मेणाच्या छोट्या ठोकळ्यांत बसवून पॅथॉलॉजी विभागात ठेवलेले असतात. त्यातून केसापेक्षा बारीक काप काढतात, बस. पण त्या कापांनी काय घडवलं ते पाहा. पोर्टेक-३ नावाची ट्रायल २००६ ते २०१३ या काळात अनेक देशांत झाली. जास्त धोक्याच्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनला किमोथेरपीची जोड द्यावी का, हा तिचा प्रश्न होता. सगळ्या बायकांची सरासरी काढली तर फायदा बेताचा दिसत होता. पुढे, नमुना वापरायला संमती दिलेल्या बायकांच्या गाठी तपासल्या. त्यातल्या ४१० जणींच्या गाठींचे रेणूंच्या पातळीवर चार प्रकार लावता आले. हा निष्कर्ष २०२० मध्ये छापून आला. पेशींच्या वाढीला आवर घालणारं पी-५३ हे प्रथिन बिघडलेल्या गाठींत किमोसह पाच वर्षं आजार न उलटलेल्या बायका ५९ टक्के होत्या, नुसत्या रेडिएशनवर ३६ टक्के. पोल-ई या जनुकात बदल असलेल्या गाठींत दोन्हीकडे जवळजवळ सगळ्याच सुखरूप होत्या. म्हणजे एकीला किमो हवीच आणि दुसरीला बहुधा उगाच त्रास, हा भेद त्या मेणाच्या ठोकळ्यांतून स्पष्ट झाला. आज गाठीचा प्रकार पाहून उपचार ठरवतात, त्यामागे या बायकांच्या सह्या आहेत.

या नमुन्याबाबत एक प्रश्न मात्र विचारल्याशिवाय राहू नका : ‘आनुवंशिक काही सापडलं तर मला कळवणार का?’ अस्तराच्या कॅन्सरच्या शंभर बायकांत साधारण तिघींना लिंच सिंड्रोम, म्हणजे जनुकातला आनुवंशिक बदल, असतो. त्यात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो आणि प्रत्येक मुलाकडे तो बदल जाण्याची शक्यता निम्मी असते. संशोधनातले निकाल पुष्कळदा नाव काढून फक्त क्रमांकावर ठेवतात आणि रुग्णाला कळवत नाहीत. घरात कुणाला आतड्याचा किंवा अस्तराचा कॅन्सर झाला असेल, तर या अभ्यासाची वाट पाहू नका. तुमच्या डॉक्टरांकडे ती तपासणी वेगळी मागा.

रक्ताबद्दल थोडं. पाळी गेल्यावर चरबीच्या पेशी इस्ट्रोजेन बनवतच राहतात आणि या कॅन्सरचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे, म्हणून वजन, इन्शुलिन, सूज दाखवणारे घटक असं सगळं मोजतात. लवकर सापडलेल्या या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या बायकांना पुढच्या आयुष्यात हृदयविकाराची काळजी जास्त घ्यावी लागते, हेही त्यामागे आहे. उपाशीपोटी बोलावतात, त्रास तेवढाच. यंत्र कमरपट्ट्यावर असतं, अंघोळीला काढायचं. त्या आठवड्यात मुद्दाम जास्त चालू नका. त्यांना तुमचा नेहमीचा आठवडा हवा असतो.

मुलाखतीत लैंगिक संबंध, लघवी, पायाची सूज असं काहीही विचारतील. नको असलेला प्रश्न सोडता येतो. पण जमेल ते मोकळेपणाने सांगा. पोर्टेक-२ या ट्रायलमध्ये ४२७ बायका होत्या. संपूर्ण ओटीपोटाला बाहेरून रेडिएशन द्यायचं की योनीमार्गात आतून, हा प्रश्न होता. आतून दिलेल्या बायकांना जुलाबाचा त्रास कमी झाला आणि लोकांत मिसळणं सोपं गेलं. हे त्या बायकांनीच प्रश्नावल्या भरून दिल्या म्हणून कळलं. डॉक्टरांच्या तपासणीत ते दिसत नाही.

प्रश्न : माझ्या आईने अशाच एका ट्रायलमध्ये सगळ्या फॉर्मवर सह्या केल्या. आता तिला रक्ताचा नमुना परत घ्यायचा आहे. आता उशीर झाला का?

उत्तर : नाही. संमती कधीही मागे घेता येते, कारण सांगावं लागत नाही. न वापरलेला नमुना नष्ट करा असं आईने स्वतः लेखी कळवावं आणि पत्राची पोच घ्यावी. ज्या भागाची तपासणी होऊन गेली, त्याची माहिती मात्र बहुधा अभ्यासातच राहते. तसं फॉर्ममध्ये लिहिलेलं असतं, एकदा वाचून पाहा. आईला फक्त रक्ताचीच अडचण असेल, तर ‘बाकी सगळं चालू ठेवायचं आहे’ हेही त्याच पत्रात स्पष्ट लिहायला सांगा, नाहीतर तिचं नाव सगळीकडूनच काढलं जाऊ शकतं.