अर्धा मुका, अर्धा बोलका

प्रश्न : दादा, आम्ही मित्रांनी हिचकॉकचा १९२९चा 'ब्लॅकमेल' पाहिला. सुरुवातीला कितीतरी मिनिटं कोणी बोलतच नाही, प्रिंट खराब होती का? आणि हिरोइनचे ओठ आवाजाशी नीट जुळत का नाहीत?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : नाही हो, प्रिंट ठीकच आहे. चार्ल्स बेनेटच्या नाटकावरचा हा पिक्चर आधी मूकपट म्हणूनच सुरू झाला, मग मधेच साउंड आला तर बरेच सीन परत शूट केले आणि बाकीचे म्युझिक टाकून तसेच ठेवले, म्हणून सुरुवातीचा तो अटकेचा सीन मुका आहे. हिरोइन अॅनी ओंड्राचं इंग्रजी झेक वळणाचं, नंतर डबिंग करायची सोय नव्हती, मग जोन बॅरी कॅमेऱ्याबाहेर माइकपाशी डायलॉग बोलायची आणि ही ओठ हलवायची. पण तो नाश्त्याचा सीन परत बघाच! शेजारीण खुनाबद्दल बडबडतेय, हळूहळू सगळे शब्द पुसट होतात, फक्त 'नाइफ' 'नाइफ' तेवढं स्पष्ट ऐकू येतं, आणि हिरोइनच्या हातात ब्रेड कापायची सुरी. आवाज नवीन असताना इतका विचार केलाय, मला तर आजही कमाल वाटते. बऱ्याच थिएटरात साउंडच नव्हता म्हणून याची पूर्ण मूक आवृत्तीही निघाली, मिळाली तर तीही बघा.