मुंबईला निघण्याआधी

प्रिय पोरी,

नाट्यशास्त्राची पदवी हातात आली, आता अभिनयासाठी मुंबई गाठू का, असं विचारलंस. गाठ की! पण एकटी नको जाऊस.

आपल्या औरंगाबादची 'जिगीषा' ही नाट्यसंस्था आठव. (शहराचं नाव बदललं, माझ्या जिभेला अजून सवय नाही.) चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी, प्रतीक्षा लोणकर ही मंडळी इथं एकत्र नाटकं करून मग मुंबईत गेली. 1991 साली दळवींनी लिहिलेलं आणि कुलकर्णींनी बसवलेलं 'चारचौघी' नाटक आलं, तेव्हा त्या चौघींत प्रतीक्षा होती. पुढे 'दामिनी' मालिकेनं ती घराघरात पोचली, 2005 मध्ये 'इक्बाल' चित्रपटात इक्बालची आई झाली. लोक दामिनीपासून मोजतात. मी तालमीपासून मोजते. तुझ्याबरोबर विभागातली दोन-चार पोरं निघत असतील तर पाय उचल.

तोवर एक काम कर. 'चारचौघी'तला विद्याचा फोनवरचा लांब प्रवेश घे, वंदना गुप्ते करायच्या तो. समोर माणूस नाही, हातात नुसता रिसीव्हर. पलीकडचा काय बोलला ते तुझ्या थांबण्यातून शेवटच्या रांगेला कळलं पाहिजे. नुसतं थांबू नकोस, ऐक. तिकडचं वाक्य मनात पूर्ण झाल्याशिवाय आपलं सुरू करायचं नाही. मग तोच प्रवेश मोबाइल तोंडासमोर लावून कर. रंगमंदिरात शोभलेली भुवई क्लोजअपमध्ये केवढी दिसते, ते बघून तूच हसशील. आवाज अर्ध्यावर आण, पण श्वास खालूनच घे.

भाषेचं म्हणशील, तर 'कामून', 'काय करायलीस' हे सोडायला सांगणारे भेटतीलच. प्रमाण बोली घोटून घे, भूमिका मागते ती. पण घरी आईशी बोलतेस तशीच बोलत राहा. मराठवाड्याचं पात्र लिहिलं जातं तेव्हा मुंबईतल्या पोरी त्याला सरसकट गावंढळ हेल लावतात. नांदेडचा हेल वेगळा, बीडचा वेगळा, हे कानाला कळणारी नटी हवी असते.

पैशाचंही सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. नाटकात नाइट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, मिळते, तीही प्रयोग झाला तर. मालिकेत दिवसावर ठरतं आणि रक्कम बहुधा 90 दिवसांनी येते. म्हणजे काम मिळालं तरी पहिले तीन-चार महिने भाडं-जेवण तुझ्याच गाठीचं. तेवढे साठव, मग तिकीट काढ. ऑडिशनसाठी कुणी नोंदणीचे पैसे मागितले तर सरळ उठून ये. लूक टेस्टच्या नावाखाली एकटीला रात्री बोलावलं तरी तेच.

लग्नाचं घरात काढलंय म्हणतेस. त्यावर मी पत्रात लिहिणार नाही. बाबांना घेऊन तालमीला ये, त्यांना काम बघू दे.

राज्य नाट्य स्पर्धेचं नाटक ठरलं की संहिता धाड. दुसऱ्या अंकाच्या तालमीला मी बसेन.

तुझी,
ताई